कोठीच्या खोलीतील ऑर्किड आणि आपला हिवाळा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत, बागकामाच्या सदरात, भेट म्हणून मिळणाऱ्या ऑर्किडच्या रोपांविषयी जे लिहून आले आहे त्यातील दोन विधानांबाबत हे पत्र लिहीत आहे. पहिले विधान असे की, फुले गळून गेल्यावर हे रोप देशावरच्या हवेत टिकत नाही, म्हणून ते काढून टाकावे आणि पुढच्या वर्षी नवे आणावे. दुसरे असे की, ज्यांना ते राखायचेच असेल त्यांनी हिवाळ्यात ते बंद खोलीत ठेवावे, रात्री हीटर लावावा आणि संध्याकाळी पानांवर पाणी फवारावे. मी निफाड तालुक्यात राहतो. आमच्याकडे थंडी किती पडते हे वेगळे सांगायला नको, कारण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेला पारा दर हिवाळ्यात आपणच छापता. अशा गावात गेले सात हिवाळे मी घरातल्या एका रिकाम्या खोलीत ऑर्किड सांभाळत आलो आहे. पहिल्या हिवाळ्यात मी नेमका या दुसऱ्या सल्ल्याप्रमाणे वागलो होतो आणि पाच रोपांपैकी तीन गमावली होती. ज्या वाचकांनी पुरवणी वाचून आपल्या रोपाचे काय करायचे हे अजून ठरवले नसेल, त्यांच्यापर्यंत हा अनुभव थंडीचा कडाका सुरू होण्यापूर्वी पोहोचावा अशी माझी इच्छा आहे.

रुंद, जाड, चकचकीत पानांचे आणि एका लवलेल्या दांड्यावर पांढऱ्या किंवा जांभळ्या फुलांची रांग असलेले जे रोप आजकाल वाढदिवसाला आणि वास्तुशांतीला दिले जाते, ते बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस असते. फुलाचा आकार पतंग या कीटकासारखा भासतो म्हणून कार्ल ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये या प्रजातीला हे नाव दिले. तिचे मूळ घर फिलिपीन्स, इंडोनेशिया आणि आग्नेय आशियातील इतर उष्ण व दमट जंगले. तिथे ती झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर वाढते. इथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे. झाडावर वाढते म्हणून आपल्याकडे पुष्कळ लोक ऑर्किडला बांडगूळ समजतात. बांडगूळ झाडाच्या सालीत मुळे घुसवून त्यातील रस घेते, तर ऑर्किड झाडाचा केवळ आधार घेते आणि मुळांवरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यावर व सालीच्या खाचांत साठलेल्या पालापाचोळ्यावर जगते. त्याच्या मुळांवर स्पंजासारखे एक पांढुरके आवरण असते. पाणी पडताच ते काही क्षणांत भिजते आणि आतील हिरवा रंग बाहेर दिसू लागतो. पाणी संपले की मूळ पुन्हा चांदीसारखे करडे होते. हिवाळ्यातील जवळजवळ सगळी निगा या एका रंगावर अवलंबून आहे, म्हणून ही गोष्ट आधीच सांगितली.

फॅलेनॉप्सिसला डेंड्रोबियम किंवा कॅटलिया या दुसऱ्या ऑर्किडांसारखे फुगीर खोड नसते. पाण्याचा साठा जो काही असतो तो पानांत आणि मुळांत. त्यामुळे मुळे कुजली तर त्याच्यापाशी मागे काही शिल्लक राहत नाही. दिवसा २५ ते २८ अंश आणि रात्री १६ ते १८ अंश सेल्सियस हे त्याचे सुखाचे तापमान. रात्री पारा १२ अंशांच्या खाली जाऊन तिथेच बराच वेळ राहिला तर पानांवर खोलगट, काळपट डाग पडू लागतात. आमच्या भागात मार्गशीर्ष-पौषात उघड्यावरचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी २७-२८ अंशांपर्यंत चढतो. दुपारची हवा तर इतकी कोरडी असते की वाळत घातलेले कपडे तासाभरात कडकडीत होतात. कोकणातील किंवा गोव्यातील वाचकांना यातील बहुतेक अडचणी येणार नाहीत, कारण तिथली हवा या रोपाला जवळची आहे. नाशिक, अहिल्यानगर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, नागपूर या बाजूच्या वाचकांसाठी मात्र पुढचे लिहिणे आवश्यक आहे.

आमच्या घरात पूर्वेच्या बाजूला कोठीची खोली आहे. वर्षाचे गहू, बाजरी आणि डाळी तिथे कणग्यांत भरून ठेवलेल्या असत. आता वर्षाचे धान्य कोणी भरत नाही आणि खोली अनेक वर्षे रिकामीच होती. भिंती दगडी, दीड हात जाडीच्या. खिडकी एकच, पूर्वेकडे उघडणारी. खाली शहाबादी फरशी. किमान व कमाल तापमान दाखवणारा एक साधा तापमापक आणि आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र मी तिथे लावले आहे. बाहेर ओसरीवर पहाटे सहा अंश असताना या खोलीत साडेतेरा अंश असल्याची नोंद माझ्या वहीत आहे, आणि ती खोलीतील आजवरची सर्वांत कमी नोंद आहे. एरवी रात्री पंधरा ते सतरा अंश असतात. म्हणजे ज्या खोलीचा आम्हाला काही उपयोग नव्हता, ती या रोपासाठी जवळजवळ तयारच होती.

आता पहिल्या हिवाळ्यात काय झाले ते सांगतो. ज्या रोपवाटिकेतून मी रोपे आणली होती तिथे मला सांगण्यात आले होते की ऑर्किड हे गरम प्रदेशातले झाड आहे, त्याला ऊब द्या आणि पानांवर दोन वेळा पाणी फवारा. मी ते मनापासून केले. रात्री नऊला हीटर सुरू करायचा, पहाटे बंद करायचा, आणि झोपण्यापूर्वी पाण्याची फवारणी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यातील सर्वांत मोठ्या रोपाचे मधले कोवळे पान थोडे वाकडे दिसले म्हणून मी ते बोटाने सरळ करायला गेलो, तर ते पान अलगद हातात आले. त्याचे बूड उकडलेल्या वांग्यासारखे तपकिरी आणि लिबलिबीत झाले होते आणि त्याला कुजका वास येत होता. पानांच्या बेचक्यात रात्रभर साठून राहिलेले पाणी, हीटर बंद झाल्यावर पहाटे पडलेली थंडी आणि हवा खेळण्याची काहीच सोय नाही, या तिन्हींनी मिळून रोपाचा गाभाच कुजवला होता. फॅलेनॉप्सिस एकाच टोकाने वाढते. ते टोक गेले की वरची वाढ तिथेच संपते. बुडातून नवा फुटवा आला तर आला. महिन्याभरात आणखी दोन रोपे त्याच तऱ्हेने गेली.

हीटरविषयी मला नंतर जे कळले ते तपशिलात लिहितो, कारण ऊब देण्यात काय चुकीचे असू शकते असा प्रश्न कोणालाही पडेल. दहा अंशांवरची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवा बाहेरून पाणी न मिळता वीस अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता शंभरावरून जवळपास निम्म्यावर येते. मुळात ती हवा अर्धीच भरलेली असेल तर पाव भागावर. म्हणजे खोली जितकी तापवावी तितकी ती कोरडी होत जाते. त्यात फॅलेनॉप्सिसची एक खास रीत आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. हे रोप निवडुंगाप्रमाणे ती रात्री उघडते आणि दिवसा मिटून घेते, म्हणजे पाण्याची बचत होते. ज्या वेळी रंध्रे उघडी असतात नेमक्या त्याच वेळी आपण हीटर लावून हवा कोरडी करतो. मग पाने लोळू लागतात, ती लोळली म्हणून आपण आणखी पाणी घालतो, आणि आधीच गारठलेली मुळे त्या पाण्यात कुजतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील बागाइतदार नेमक्या याच चुकीतून गेले आहेत. उष्ण प्रदेशातून आलेली ऑर्किड ते कोंदट, वाफाळलेल्या आणि बंद काचगृहांत ठेवत आणि ती मोठ्या संख्येने मरत. चॅट्सवर्थ येथील बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी १८३०च्या दशकात हवा खेळती ठेवून आणि रोपाच्या मूळ ठिकाणाप्रमाणे कमी-अधिक थंडावा देऊन ती जगवून दाखवली. त्यांच्या त्या संग्रहातील कितीतरी रोपे त्यांचा सहकारी जॉन गिब्सन याने आपल्या खासी टेकड्यांतून नेली होती.

दुसऱ्या हिवाळ्यापासून मी हीटर बंद केला. खोलीत ऊब टिकवण्यासाठी दोनच गोष्टी करतो. सूर्य मावळण्याच्या सुमारास खिडकी लावून तिच्यावर आतून जुनी गोधडी सोडतो, आणि खिडकीजवळ पावसाच्या पाण्याचे एक दोनशे लिटरचे पिंप भरून ठेवतो. हे पिंप सकाळी ऊन खाते आणि रात्री सावकाश निवते. दोनशे लिटर पाणी तीन अंशांनी थंड होताना सुमारे ०.७ युनिट विजेइतकी उष्णता खोलीला परत देते आणि हवा कोरडी करत नाही. रोपे फरशीवर ठेवत नाही, कारण फरशी सर्वांत गार असते; एका लाकडी मांडणीवर, काचेपासून एक वीत अंतरावर ठेवतो. रोपे एकमेकांजवळ ठेवली की त्यांच्या आसपासची हवा थोडी दमट राहते. खाली पसरट परातीत खडी आणि पाणी ठेवण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो; माझ्या यंत्रावर त्याने आर्द्रता फार तर तीन-चार टक्क्यांनी वाढलेली दिसते. मांडणीच्या मागे ओले गोणपाट टांगल्याने याहून बराच अधिक फरक पडतो. दुपारी अकरा ते तीन खिडकी उघडी असते आणि एक लहान पंखा भिंतीकडे तोंड करून चालू असतो, म्हणजे वारा रोपांवर थेट येत नाही आणि हवाही साचत नाही.

पाण्याबाबत दिवस ठरवून देणारे सल्ले मी पाळणे सोडून दिले आहे. पारदर्शक कुंडीतून मुळे दिसतात. ती हिरवी असतील तर पाणी घालायचे नाही. सगळी करडी झाली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली की घालायचे. उन्हाळ्यात हे चौथ्या दिवशी घडते, तर पौषात कधी नऊ, कधी बारा दिवसही जातात. पाणी सकाळी नऊनंतरच द्यायचे, तेही खोलीच्याच तापमानाचे. गच्चीवरच्या टाकीतून पहाटे येणारे पाणी इतके गार असते की त्यात हात धरवत नाही, मग मुळांना ते कसे सोसवेल? पानांच्या बेचक्यात थेंब राहिलाच तर कागदी रुमालाच्या टोकाने टिपून घ्यायचा. आमच्या विहिरीचे पाणी जड आहे. ते वापरले तेव्हा वर्षभरात कुंडीच्या काठावर आणि सालीच्या तुकड्यांवर क्षारांचा पांढरा थर जमला आणि मुळांची टोके काळी पडली. तेव्हापासून पागोळ्यांचे पाणी साठवतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी घरातील आर.ओ. यंत्राचे शुद्ध पाणी घेतले तरी चालेल, मात्र त्यात क्षार फारसे नसल्याने पंधरा दिवसांतून एकदा अगदी सौम्य, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणाच्या चौथाई ताकदीचे खत द्यावे लागते.

दुकानातून आणलेले रोप अनेकदा ओल्या स्फॅग्नम शेवाळात घट्ट दाबून बसवलेले असते. ते वरून कोरडे दिसते आणि आत, मुळांच्या गड्ड्यात, आठवडाभर ओलेच असते. काड्यापेटीतील एक काडी उलटी करून शेवाळात खोल खुपसावी आणि दहा मिनिटांनी काढून गालाला लावून पाहावी, ओल लगेच कळते. फुले संपल्यावर, पण थंडीपूर्वी, पाइनच्या सालीचे तुकडे, लोणारी कोळसा आणि नारळाच्या सोडणांचे धुतलेले तुकडे यांत रोप हलवले तर हिवाळ्यातील निम्मी काळजी कमी होते. कुंडी बदलायची राहून गेली असेल तर आता, ऐन गारठ्यात, मुळांना हात लावू नये, फाल्गुनात पाहावे.

उजेडाविषयी लिहिताना दक्षिणेकडच्या खिडकीचा उल्लेख करायला हवा, कारण शहरातील घरांत बरेचदा तीच मोकळी असते. आपल्या नाशिकच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४६-४७ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खूप आतपर्यंत येते. ज्या खिडकीतून जूनमध्ये उन्हाचा कवडसाही येत नाही तीच जानेवारीत पाने भाजते. तिथे पातळ पांढरा पडदा लावावा. पानावर वीतभर अंतरावरून हात धरला आणि सावली पडली पण तिची कड धूसर राहिली तर उजेड योग्य आहे. पान गर्द, काळपट हिरवे होत असेल तर उजेड कमी पडतो आहे, पिवळट होत असेल तर जास्त होतो आहे. माझ्या मांडणीच्या खालच्या फळीवर खिडकीचा उजेड पुरत नाही म्हणून तिथे वीस वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या, पानांपासून हातभर उंचीवर, दिवसा बारा तास लावतो. त्याला दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडी कमी आणि महिन्याला साडेचौदा युनिटांच्या आत वीज लागते. रात्री मात्र खोलीत पूर्ण अंधार हवा.

आता अशा एका नुकसानीविषयी सांगतो ज्याचे कारण मला जवळजवळ दोन वर्षे कळले नव्हते. चौथ्या हिवाळ्यात माझ्या पांढऱ्या फॅलेनॉप्सिसला अकरा कळ्यांचा दांडा आला होता. खोलीची थंडी, पाणी, उजेड, सगळे वहीत लिहिल्याप्रमाणे ठीक होते. तरीही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टोकाकडच्या कळ्या पिवळ्या पडल्या, मग त्यांवर जांभळट झाक आली आणि चार दिवसांत अकराच्या अकरा कळ्या मांडणीवर गळून पडल्या. देठ जिथे दांड्याला जुळतो तिथून त्या स्वच्छ सुटलेल्या होत्या. कुज नव्हती, कीड नव्हती. पुढच्या वर्षी आणखी दोन रोपांचे तसेच झाले. माझी आई मार्गशीर्षातील गुरुवारांचे व्रत करते आणि उद्यापनासाठी मेव्हण्यांच्या मळ्यातून केळीचा घड येतो. आमच्या घरात केळी पिकवायला कोठीची खोलीच वापरली जाते, आणि घड तिथेच, छताच्या आकड्याला, पोत्यात गुंडाळून टांगलेला होता. पिकणाऱ्या केळ्यातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. ज्या वायूने व्यापारी बंद खोल्यांत केळी पिकवतात तो हाच. ऑर्किडच्या कळीला तो हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहून कमी असला तरी बाधतो. कळीला वाटते की आपला काळ संपला, आणि ती देठ सोडते. बंद खोली, खिडकीवर गोधडी आणि डोक्यावर पिकता घड, अशी ती स्थिती होती. त्यानंतर घड माजघरात टांगला जाऊ लागला आणि कळ्या गळणे थांबले. रिकाम्या खोलीत आपण पेरू, पपई, सीताफळे, केळी हमखास ठेवतो, म्हणून हे विस्ताराने लिहिले. लाकूड किंवा पाचट अर्धवट जळताना निघणाऱ्या धुरातही हा वायू असतो. आमच्या भागात द्राक्षबागांना कडाक्याच्या थंडीपासून वाचवण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटवतात आणि ते योग्यच आहे. त्या दिवशी मी धूर पूर्ण निवळेपर्यंत कोठीची खिडकी उघडत नाही.

किडींबाबत थोडक्यात. कोरड्या हवेत लाल कोळी पानांच्या मागे येतो, तर पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बगलेत दडून बसतात. रोपे आत घेण्यापूर्वी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसून काढावे. पिठ्या ढेकूण दिसलाच तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावे.

वरील सर्व फॅलेनॉप्सिसला लागू आहे. आपल्या पुरवणीतील लेखाची मोठी उणीव मला ही वाटली की त्यात सगळी ऑर्किड एकाच नियमात बसवली आहेत. नोबिल जातीच्या डेंड्रोबियमला हिवाळ्यात याच्या अगदी उलट वागणूक लागते. त्याला दहा-बारा अंशांची थंडी, भरपूर उजेड आणि जवळजवळ कोरडे ठेवणे मानवते. खत तर पूर्ण बंद. पाणी चालू ठेवले तर जिथे फुले यायची तिथे खोडावर लहान रोपे फुटतात आणि फुले येत नाहीत. माझे नोबिल म्हणूनच कोठीत येत नाही, ते ओसरीवर भिंतीला टेकून हिवाळा काढते. दुसऱ्या गटातील डेंड्रोबियम, ज्याची फुले हारवाले आणि मांडववाले वापरतात, ते मात्र उष्णतेचे आहे आणि त्याला आत घ्यावे लागते. दोन्हींच्या कुंडीवर दुकानात केवळ 'डेंड्रोबियम' किंवा नुसतेच 'ऑर्किड' लिहिलेले असते. सातशे-आठशे रुपये देऊन रोप घेणाऱ्याला त्याचे पूर्ण नाव आणि ते किती थंडी सोसते हा एक आकडा, एवढे तरी चिठ्ठीवर मिळायला हवे. सिक्कीममधील पाक्योंग येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ऑर्किडसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र १९९६ पासून आहे. आपल्या देशात या रोपांची शास्त्रीय माहिती उपलब्ध नाही असे म्हणायला जागा नाही. रोपवाटिकांच्या संघटनांनी ही चिठ्ठी स्वतःहून सुरू करावी आणि आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, ही माझी पहिली विनंती.

यासोबत एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. घाटात रस्त्याच्या कडेला पावसाळ्याच्या तोंडाशी सीतेची वेणी आणि इतर आमरी, म्हणजे आपल्याकडची रानटी ऑर्किड, झाडाच्या फांदीसकट तोडून विकायला ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. सीतेची वेणी म्हणजे आसामात ज्या फुलाला कपौ म्हणतात आणि बिहूला मुली केसांत माळतात तेच. सह्याद्रीतील हे रोप हिवाळ्या-उन्हाळ्याची कोरड फांदीवर उघड्यावर काढते आणि पावसापूर्वी फुलते. त्याला आपल्या बंद खोलीचा काही उपयोग नाही, आणि जंगलातून उपटून आणलेले रोप बहुधा वर्षभरातच मरते. ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते, त्यात अंकुरासाठी अन्नाचा साठा नसतो आणि जंगलात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. एक रोप फुलण्याजोगे व्हायला कित्येक वर्षे जातात. ऑर्किडचे संपूर्ण कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत आहे. ज्यांना हौस आहे त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेली संकरित रोपेच घ्यावीत. ती स्वस्त झाली आहेत आणि खोलीत सुखाने राहतात.

आता पुन्हा पहिल्या विधानाकडे येतो, कारण हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे. फुले गळल्यावर रोप काढून टाकावे, असे आपल्या सदरात म्हटले आहे. फॅलेनॉप्सिसला फुलाचा नवा दांडा येण्यासाठी थोड्या थंडाव्याचीच गरज असते. दिवसाचे तापमान २६-२७ अंशांच्या खाली आणि रात्रीचे त्याहून कमी, असे महिनाभर राहिले की पानाच्या बगलेतून दांडा निघतो. आमच्याकडे कोजागरीनंतर ओसरीवर, जाळीच्या सावलीत, असा थंडावा मिळू लागतो. म्हणून मी रोपे आत घेण्याची घाई करत नाही. दिवाळी होऊन रात्रीचा पारा १५ अंशांवर आला की घेतो. दांडा निघाल्यापासून पहिले फूल उमलेपर्यंत साधारण तीन महिने लागतात, म्हणजे माघात, आणि मग फुले दोन-अडीच महिने टिकतात. गेल्या वर्षी माघ-फाल्गुनात ज्यांना फुललेले रोप भेट मिळाले असेल आणि ज्यांच्या घरी ते आता नुसती पाने घेऊन एखाद्या कोपऱ्यात उभे असेल, त्यांचे रोप या घडीला फुलण्याच्या तयारीत असू शकते. आजच कचऱ्यात टाकले तर ती तयारी वाया जाईल.

ते कसे ओळखावे हेही लिहितो. वरून तिसऱ्या-चौथ्या पानाच्या बगलेत पाहावे. तिथे जे हिरवे टोक बाहेर आले असेल ते गोल, गुळगुळीत आणि चमकदार असेल तर ते मूळ आहे. ते थोडे चपटे असेल, त्यावर एकावर एक खवल्यासारखे पापुद्रे असतील, आणि मिटल्या मुठीतून अंगठ्याचे टोक डोकावावे तसे एका बाजूला वळलेले असेल, तर तो फुलाचा दांडा आहे. एकदा तो दिसला की कुंडीची दिशा बदलू नये. दांडा उजेडाच्या रोखाने वाढतो आणि कुंडी वारंवार फिरवली तर तो वेडावाकडा होतो.

माझी दुसरी विनंती अशी की, पुरवणीच्या येत्या अंकात रात्री हीटर लावण्याचा आणि संध्याकाळी पानांवर पाणी फवारण्याचा सल्ला मागे घेतल्याचे चार ओळींत छापावे. शक्यतो ते या महिन्यातच व्हावे. आज सकाळी ओसरीवरच्या तापमापकात १४ अंश होते आणि कोठीतील सहा रोपांपैकी चौघांच्या बगलेत तो चपटा अंकुर दिसू लागला आहे.

आपला,
एक नियमित वाचक
निफाड तालुका, जि. नाशिक